प्रयत्न अपुरा

९ जानेवारी

आत्या,

सुरुवातीला तीर्थरूप वगैरे लिहिलं की आपला फोटो भिंतीवर लागल्यासारखं वाटतं म्हणतेस, म्हणून सरळ आत्या. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी "परीक्षा पुढे गेली" म्हणाले आणि तू "परीक्षेत पहिली" ऐकून सगळ्या नातेवाइकांत माझं अभिनंदन करून आलीस. शाळेत इतकी वर्षं खेळाच्या तासाला स्वतःच्याच कानाजवळ शिट्टी फुंकल्यावर दुसरं काय होणार! तेव्हा पत्रच बरं.

एक काम आहे. "आमची पोरगी लोकांना पळवते आणि त्यांचा श्वास मोजते" असं तू माझ्या संशोधनाबद्दल सांगत फिरतेस, आणि खरं तर त्यात चूक काहीच नाही. विद्यापीठाच्या तळघरात आमची प्रयोगशाळा आहे. खिडकी नाही, रबराचा आणि घामाचा वास. मधोमध ट्रेडमिल. माणसाच्या नाकातोंडावर मास्क, मास्कला नळी, आणि नळीच्या टोकाला कपाटाएवढं यंत्र. किती ऑक्सिजन आत गेला, किती खर्च झाला, ते यंत्र दर श्वासाला सांगतं. आम्ही पट्ट्याचा चढ वाढवत जातो. माणूस चालतो, मग पळतो, मग एका क्षणी त्याला पुढे जाताच येत नाही. तो क्षण आम्हाला हवा असतो. शरीराची खरी पोच तिथे कळते.

आता साठीच्या पुढच्या लोकांवर अभ्यास चालू आहे. त्यावरून आरोग्य खातं ज्येष्ठांच्या व्यायामाची पुस्तिका काढणार आहे. पुरुष भरपूर आले. बायका दोन आल्या, मास्क बघितला आणि "घरी सांगून येते" म्हणून गेल्या त्या गेल्याच. माझे मार्गदर्शक सर वैतागलेत. मैदानावरची तुझी सकाळची टोळी घेऊन ये ना.

मास्कमुळे बोलता येत नाही, म्हणून किती दम लागलाय ते समोरच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखवायचं असतं. पुरुषांना नुसत्या आकड्यांचा तक्ता होता. बायकांना आकडे कळायचे नाहीत, असं सरांचं म्हणणं. म्हणून तुमच्यासाठी मी साध्या बोलीतला नवीन तक्ता करतेय. दोन दिवस त्याच्याच मागे आहे.

तुझी
खार

१६ जानेवारी

खारूताई,

येतो. सगळ्या येतो. तुझं पत्र मैदानावर मोठ्याने वाचलं. "बायकांना आकडे कळायचे नाहीत" इथपर्यंत आले तेव्हा गणिताच्या बाई बुटाची नाडी बांधत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "तुमच्या भाचीच्या सरांना माझा नमस्कार सांगा." कसला नमस्कार ते तू समजून घे.

तुझ्या बाबाला मात्र हे कळायला नको होतं. परवा आला आणि बसल्या बसल्या सुरू झाला: ताई, हे काय वय आहे का, काही झालं तर, लोक काय म्हणतील. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा, जिना चढला की भिंतीला टेकून उभा राहतो, आणि मला वय शिकवतोय. मी म्हटलं, तू ये बरोबर, तुलाही पट्ट्यावर चढवते. तेव्हा चहा न घेताच निघाला.

शिंपीणकाकू विचारतायत की साडीवर चालेल का. मी सांगितलं, पट्ट्यात पदर अडकला तर संशोधन तुमच्यावर नाही, पदरावर होईल. आता स्वतःच सगळ्यांच्या विजारी शिवायला घेतल्यात. सगळ्यांना एकाच रंगाचं कापड. आम्ही तुझ्या प्रयोगशाळेत बँडपथकासारख्या शिरणार आहोत, तयारीत राहा.

आणि तुझ्या सरांना सांग, मला हलकं काही देऊ नका. आयुष्यभर मुलींसाठी "हलके खेळ" हा शब्द ऐकत आले, त्या शब्दाचा मला उबग आलाय.

आत्या

२७ फेब्रुवारी

आत्या,

तुम्ही सगळ्या आलात, फार बरं वाटलं. सगळ्यांना माझे आणि विभागाचे आभार सांग. विजारी छानच होत्या. आमच्या यंत्रवाल्या मदतनिसाला तुमची इतकी भीती बसली की त्याने दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

निकालांचं काम अजून चालू आहे. वेळ लागेल. तू तब्येतीला जप, पाणी पुरेसं पीत जा.

तुझी
खार

३ मार्च

खारे,

पाणी पुरेसं पीत जा? तू मला असलं पत्र लिहितेस? शाळेत मुलगी दांडी मारून आली की असंच गोड बोलायची. मी चाळीस वर्षं मुलींना मैदानावर ओळखलंय, तुला तर लंगोटात असल्यापासून ओळखते. काय झालंय ते सांग. कुणाच्या हृदयात काही सापडलं का? माझ्या? असलं तर सरळ लिही. मी काही मूर्च्छा येऊन पडणार नाही, आणि पडलेच तर मैदानावर पडेन.

आत्या

९ मार्च

आत्या,

तुमच्या सगळ्यांची हृदयं ठणठणीत आहेत. तसं काही असतं तर मी लपवलं नसतं.

झालंय ते वेगळंच. परीक्षा मान्य व्हायची असेल तर माणसाने शेवटपर्यंत जोर लावला याचा पुरावा लागतो. आमच्याकडे नियम असा, की थांबताना तक्त्याच्या शेवटच्या पायरीवर बोट ठेवलेलं असलं पाहिजे. पुरुषांपैकी जवळपास सगळ्यांनी ठेवलं. तुमच्यापैकी एकीनेही नाही. सगळ्याजणी आधीच्या पायरीवर बोट ठेवून थांबलात. त्यामुळे तुमच्या प्रत्येकीच्या कागदावर शेरा पडलाय: "प्रयत्न अपुरा".

मी तिथेच उभी होते. तुझी नाडी बघत होते, श्वास बघत होते. मला पटत नाही. पण सर म्हणतात, डोळ्यांनी बघितलेलं चालत नाही, नियमाने बघायचं. आणि त्यांनी याच महिन्यातल्या परिषदेत सांगूनही टाकलं की साठीच्या पुढच्या स्त्रिया पूर्ण जोर लावायला तयार होत नाहीत, तेव्हा पुस्तिकेत त्यांना हलकेच व्यायाम द्यावेत. खुर्चीत बसून करायचे. निवेदनावर माझंही नाव आहे.

हे तुला लिहायची माझी छाती होत नव्हती.

खार

१२ मार्च

खारे,

पत्र वाचून मी घरातल्या घरात तीन वेळा चपला घातल्या आणि काढल्या. कुणाशी भांडायला जावं तेच सुचेना.

प्रयत्न अपुरा! माझा? शिंपीणकाकूंचा? त्या बाईने पट्ट्यावर असा काही जोर लावला की उतरल्यावर तिला स्वतःचं नाव आठवायला वेळ लागला. दवाखान्यातल्या सिस्टर दुसऱ्या दिवशी मैदानावर आल्याच नाहीत, पाय उचलेना म्हणून. आणि तुझे सर म्हणतात, जोर लावला नाही. खुर्चीत बसून व्यायाम! त्यांनाच बांध म्हणावं खुर्चीला.

मी येते. मला त्यांच्यासमोर उभं कर. पहिलं विचारेन, पुरुषांच्या तोंडावरचा मास्क आणि आमच्या तोंडावरचा मास्क एकच होता का? मला तर तो सैल वाटत होता. त्यातूनच हवा गळाली असणार आणि तुमचं यंत्र फसलं असणार.

आणि शेवटची पायरी म्हणशील, तर तिथे बोट ठेवायचं नाही हे आमचं गाडीतच ठरलं होतं. तू आदल्या आठवड्यात तक्ता पाठवला होतास ना, तो वाचला सगळ्यांनी. "मजेत", "जरा दम लागला", "बराच दम लागला", "फार झालं", आणि सगळ्यात खाली, "हात टेकले". हसून हसून पुरेवाट. आम्ही हात टेकणार? गणिताच्या बाईंनी शपथच घातली, जी तिथे बोट ठेवील तिने उद्यापासून दुसऱ्या मैदानावर जावं. शिंपीणकाकूंना तर वाटलं, तुम्ही पट्ट्यापुढच्या दांड्याला हात लावू नका, हात लावू नका म्हणून जे बजावत होतात त्याचीच ती पायरी आहे. त्या मला अजून सांगतात, "मी एकदाही दांड्याला हात टेकला नाही हो, मग तिथे बोट कशाला ठेवू?" आम्ही कुणीच हार मानली नाही, हे तुझ्या सरांना कळलं पाहिजे. कधी येऊ?

आत्या

१८ मार्च

आत्या,

मास्क सैल नव्हता. यंत्र फसलं नाही. फसलेय मी.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्या उभ्या वाचलं आणि तुमचा तक्ता काढून समोर ठेवला. शेवटच्या पायरीचा अर्थ होता, शरीरात आता काही उरलं नाही. तो साध्या बोलीत सांगायचा म्हणून मी लिहिलं "हात टेकले". केवढी खूश झाले होते मी त्या शब्दांवर! आपण घरात किती सहज म्हणतो, या पोरापुढे मी हात टेकले. पण ते म्हणजे शरण जाणं. मी तुम्हाला विचारलं "शरण आलात का?" आणि तुम्ही सगळ्यांनी "नाही" म्हणून सांगितलं. त्यात शिंपीणकाकूंनी माझे शब्द जसेच्या तसे वाचले, आणि त्याही चुकल्या नाहीत. पुरुषांपुढे नुसते आकडे होते. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवायला कुणाची मान खाली जात नाही.

मग तुमच्या श्वासाचे कागद पुन्हा काढले. शरीर अगदी टोकाला पोचलं की बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड खर्च होणाऱ्या ऑक्सिजनला मागे टाकतो. ते मनावर नसतं, ठरवून करता येत नाही. तुम्ही सगळ्या त्या रेषेच्या पुढे होतात. काही पुरुषांपेक्षाही पुढे.

हे सगळं घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, चूक माझी आहे, तक्ता माझा आहे, परीक्षा पुन्हा घेऊ. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "परिषदेत सांगून झालंय. आता मागे घेतलं तर आपण तोंडावर पडू." मी म्हटलं, "सर, त्या पडल्या नाहीत आणि आपण त्यांना पडलेल्या म्हणून दाखवलंय. मग आपणच पडलेलं बरं." ते म्हणाले, "तू भावनेच्या भरात बोलतेस, घरी जा." मी घरी नाही गेले. परिषदेच्या कार्यालयाला कळवलं की त्या निवेदनावरून माझं नाव काढा, आणि का काढा तेही लिहिलं. पत्राची प्रत सरांच्या टेबलावर ठेवली.

आता तुला एक सांगते. तुम्ही सह्या केलेल्या संमतीपत्रात एक ओळ आहे, जी कुणी वाचत नाही. भाग घेणाऱ्याला केव्हाही, कारण न देता, आपली सगळी माहिती परत मागता येते. तुम्ही मागितलीत तर द्यावीच लागेल. मग या अभ्यासात एकही बाई उरणार नाही, आणि "स्त्रिया जोर लावत नाहीत" म्हणायला सरांच्या हातात काही राहणार नाही.

काय करायचं ते तुम्ही ठरवा. ही ओळ कुणी दाखवली असं विचारलं, तर खुशाल माझं नाव सांग.

खार

२३ मार्च

खारूताई,

संमतीपत्राची ती ओळ गणिताच्या बाईंनी सही करायच्या दिवशीच वाचली होती. म्हणाल्या, मला वाटलं सगळ्यांनीच वाचली असेल.

मास्कवरून तुझ्या सरांना जे मनातल्या मनात बोलले ते परत घेते. बाकीचं नाही.

पण आधी मला सांग, तुझं काय? तुझी पदवी याच अभ्यासावर आहे ना? आम्ही आमचं काढून घेतलं तर तुझी सगळी मेहनत पाण्यात. तुझा बाबा इथे येऊन डोकं धरून बसलाय. "ताई, तुझ्या अभिमानापायी माझ्या पोरीचं वाटोळं करू नकोस." खरंच सांगते. पहिल्यांदाच मला वाटलं की हा बरोबर बोलतोय. आम्ही म्हाताऱ्या, आमच्या कागदावर काय लिहिलं काय न लिहिलं काय. तू म्हणशील तर गप्प बसू. सगळ्यांचं तसंच मत पडलं. सह्या करून ठेवल्यात, पण पाकीट टाकलेलं नाही. तुझ्या एका शब्दावर आहे.

आत्या

२७ मार्च

आत्या,

टाक.

बाबांना सांग, माझं वाटोळं होत नाहीये. मी लहान असताना तू मला तुमच्या शाळेच्या मैदानावर नेलंस, तिथे मुलींना फक्त कडेकडेने चालायची परवानगी होती, आणि तू मधोमध पळालीस. मी पण तुझ्या मागे पळाले. आता तूच मला म्हणतेस, गप्प बसू? काय लिहिलं काय न लिहिलं काय? अगं, ती पुस्तिका गावोगाव जाणार आहे. तुझ्यासारख्या एखादीला कुणी डॉक्टर खुर्चीत बसवणार, आणि तिने "का?" विचारलं तर म्हणणार, संशोधन आहे. ते संशोधन माझं असेल. तसली पदवी मला नको.

पाकीट आजच्या आज टाक. आणि पुन्हा मला असलं विचारू नकोस, मला रडू येतं.

खार

१५ एप्रिल

आत्या,

तुमचं पाकीट पोचलं. विभागाची बैठक बसली. सरांनी सांगितलं की काही गैरसमज झालाय. मी उठून दोन तक्ते शेजारी शेजारी भिंतीवर लावले, पुरुषांचा आणि तुमचा, आणि सगळ्यांना विचारलं: "थकला असाल तर शेवटी कुठे बोट ठेवाल?" विभागप्रमुख बाईंनी माझा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "मी तर मेले तरी तिथे ठेवणार नाही." तिथेच निकाल लागला.

परिषदेतलं निवेदन मागे घेतलंय. तुमची परीक्षा पुन्हा होणार. तुमची तयारी असेल तर, आणि नसेल तर कुणी काही म्हणणार नाही. या वेळी तक्ता पुरुषांचाच, नुसते आकडे. सर आता माझे मार्गदर्शक नाहीत, त्यांनीच सोडलं. विभागप्रमुख बाईंनी घेतलंय. माझं एक वर्ष जास्त जाईल. जाऊ दे.

दोन मेला या.

खार

८ मे

खारूताई,

घरी पोचून आठवडा होत आला, पाय आता जागेवर आलेत. तुझा बाबा गाडीने आम्हाला आणून सोडतो काय, दिवसभर तळघराच्या दारात उभा राहतो काय! परत येताना शिंपीणकाकूंना सांगत होता, "माझ्या ताईचा ऑक्सिजनचा आकडा बघितलात का?" काकू नुसत्या हसल्या, कारण त्यांचा आकडा माझ्यापेक्षा वरचा आहे. मला त्याचा राग आलेला नाही. थोडा आलाय.

पण हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. मला पट्ट्यावरून उतरवून तू मास्क काढलास, तेव्हा मी काहीतरी बोलले. तू "काय म्हणालीस?" विचारलंस आणि मी "काही नाही" म्हटलं. ते फोनवर सांगता येणार नाही, आणि तोंडावर तर मुळीच नाही.

मी म्हणाले होते, "दमले गं."

तुला वाटेल, एवढंच? खारे, हा शब्द मी कधी उच्चारलाच नाही. शाळेत नवीन होते तेव्हा मुलींना सामन्यांना घेऊन दिवसभराचा प्रवास करून आले, मुख्याध्यापकांनी विचारलं "दमलात का?" आणि मी सहज "हो" म्हणून गेले. पुढच्या सामन्यांना त्यांनी पुरुष शिक्षक पाठवला. माझ्या काळजीपोटी, बरं का. ते काम परत मिळवायला मला नऊ वर्षं लागली. तेव्हाच समजलं की बाईने दमले म्हटलं की लोक लगेच हातातलं काम काढून घेतात, आणि मग ते परत देत नाहीत. त्यानंतर तुझे आतोबा अंथरुणाला खिळले तेव्हाही कुणी विचारलं की माझं ठरलेलं, छे, कुठे दमले. टोळीत सगळ्यांना विचारलं. प्रत्येकीकडे अशी एक गोष्ट आहे. तुझ्या तक्त्यावर तू कुठलाही शब्द लिहिला असतास तरी आम्ही त्याच्या एक पायरी अलीकडेच थांबलो असतो, असं आता मला वाटतं. तेव्हा सगळं खापर त्या दोन शब्दांवर फोडू नकोस.

त्या दिवशी मी पार दमले होते. पायांत काही नाही, डोळ्यांपुढे काही नाही, छातीत नुसता भाता. मी त्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं, आणि कुणी माझ्याकडून काही काढून घेतलं नाही. कुणी खुर्ची आणली नाही. तुम्ही नुसतं लिहून घेतलंत. तुझ्या विभागप्रमुख बाईंनी विचारलं, "पुढच्या वर्षी परत याल?"

मी हो म्हटलंय. सगळ्यांच्या वतीने. तुझं काम वाढलं तर वाढू दे.

तुमच्या त्या पुस्तिकेत आमच्याबद्दल जे काय लिहाल, त्यात हे लिहायला विसरू नकोस, की त्या बायका दमल्या. पूर्ण दमल्या. चांगल्या मोठ्या अक्षरात लिही. आणि ते वाचून कुणी म्हणालं की मग आता त्यांनी घरी बसावं, तर त्याला सकाळी सहा वाजता मैदानावर पाठव. मी आहे.

दमलेली
आत्या